शालनचं भूत बाटलीत जाणार नाही

शालन, तुझ्या शोकसभेत तो टोपीवाला माणूस उभा राहिला आणि माइक धरून म्हणाला, "घरचा जाच, सासूचा धाक आणि चुलीचा धूर सोसत या लेखिकेनं आपली भयकथा जगवली." मी पहिल्या रांगेत बसलेले. अख्खा हॉल माझ्याकडं वळून बघायला लागला! कुणी विचारलं होतं त्याला? आपल्या घरचं पाणी तरी कधी प्यायला होता तो? आपल्याकडं चूल नाही, गॅस आहे, तोसुद्धा तुझ्या लग्नाच्या आधीपासून. आणि धाक! मला घाबरत असतीस तर एवढी भुतं घरात आणली असतीस काय?

भुताटकी लिहिणारी बाई म्हटलं की लोकांना तिच्या घरात एक कैदाशीण लागते. म्हातारी सासू आयतीच मिळाली. सभा संपल्यावर एका बाईनं मला पेढा दिला नाही, हात लावायला भ्याली. शोकसभेत पेढे कुणी वाटले, हे मला अजून कळलं नाही, पण माझा चुकला एवढं खरं.

प्रिय शालन,

जन्मात तुला मी कधी प्रिय म्हटलं नाही. तुझी लेक पूर्वा म्हणाली, "आज्जी, पत्रात सुरुवातीला प्रिय लिहावं लागतं." लिहिलं. आता तू तिकडं हसू नकोस.

दिवाळी अंकवाल्यांना तुझ्यावर घरच्या माणसाचा लेख पाहिजे. त्यांनी आधी तुझ्या नवऱ्याला विचारलं. शशिकांत तीन संध्याकाळी कागद पुढं घेऊन बसला आणि चष्मा पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "आई, तूच लिव." चौथी शिकलेल्या बाईनं लेखिकेवर लिहायचं! पण लिहिते. पूर्वा टाइप करणार आहे. बोलताना मी आपल्याकडच्या सगळ्या बायकांसारखी "येतो, जातो" म्हणते. लिहिताना "येते, जाते" लिहितेय. चार माणसांत जायचं म्हटल्यावर पदर नीट घ्यावा लागतो.

आणि नुसतं त्या टोपीवाल्यासाठी मी हातात पेन धरलेलं नाही. तुझ्या शेवटच्या सिनेमाचा शेवट सिनेमावाले बदलायला निघालेत. सोमवारी शशिकांतची सही घ्यायला येणार आहेत. त्यावर मी येते, पण आधी तू या घरात काय केलंस ते सांगू दे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, म्हातारी उगाच एका शेवटासाठी भांडतेय.

तू कुरुंदवाडची. मुलगी टायपिंगची परीक्षा पास आहे, म्हणून तुझ्या वडिलांनी छाती फुगवून सांगितलं होतं. शशिकांत कागलला कारखान्यात लागलेला. मला वाटलं, सून एखाद्या ऑफिसात पंख्याखाली बसेल. तू कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकलंस! अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची दुखणी, भावाभावांच्या भिंती. दिवसभर लोकांची रडगाणी बडवायचीस आणि घरी येऊन चहा झाला की पुन्हा तेच मशीन, पुन्हा टकटक.

एका रविवारी दुपारी मी विचारलं, "आता काय बडवालीस गं?"

"भुताची गोष्ट हाय, आत्ती."

"कुणाचं भूत?"

तुझी बोटं थांबली. "कुणाचं म्हंजे?"

"म्हंजे भूत काय आभाळातनं पडतंय? कुणाची बायकू असंल, कुणाचं पोरगं असंल. नाव-गाव न्हाय त्याला?"

तू कागद मशिनीतनं ओढलास आणि चोळामोळा करून टाकलास. मला वाटलं, झालं, सून रुसली. मी काय मोठं शहाणपण सांगितलं नव्हतं. आपल्याकडं दारात पावणं आलं की पहिल्यांदा गाव विचारतात, तसं विचारलं. पण पुढच्या रविवारी तू नवे कागद घेऊन माझ्यासमोर बसलीस. मी चटणीसाठी शेंगा फोडत होते.

"आत्ती, मी वाचतो. तुम्ही ऐका."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाय कळलं तर न्हाय. ऐका."

कुरुंदवाडच्या घाटावरच्या नावाड्याची गोष्ट होती. माणसं नावेत बसतात, गप्पा मारतात, पैलतीर जवळ येतो. मग एक पोरगी बघते की नावाड्याचं वल्हं पाण्यात जातंय, वर येतंय, पण पाणी हलत नाही. तू वाचायची थांबलीस. माझ्या तोंडाकडं बघितलं नाहीस, हाताकडं बघितलंस.

"काय झालं?" मी विचारलं.

"हात थांबला की तुमचा."

"मुंगी आली हाताला."

"मुंगी न्हाय आत्ती, नावाडी आला."

तेव्हापासून आपल्या घरात ही रीत पडली. नवं प्रकरण झालं की तू वाचायचं, मी शेंगा फोडायच्या. हात चालू राहिला तर कागद टोपलीत. हात थांबला तर पास. तोंडानं मी तुला कधी चांगलं म्हटलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस. वर्तमानपत्रवाले काय म्हणाले ते तू शशिकांतला वाचून दाखवायचीस, मला नाही. मला फक्त शेंगा आणून द्यायचीस.

मी लबाडी केली नाही असं नाही. एकदा ठरवलं, आज काही झालं तरी हात थांबवायचा नाही. लई माजलीय ही. तू ती गोठ्यातली गोष्ट वाचत होतीस, मेलेली गवळण पहाटे म्हशीची धार काढून जाते आणि घागरीत दूध कोमट असतं ती. आयुष्यभर मी गंगावेशीत म्हशी पिळल्या. माझ्या मानेवर काटा आला. पण हात चालू ठेवला! गोष्ट संपली तशी मी म्हटलं, "बघ, थांबला न्हाय."

तू ताट पुढं ओढलंस. "आत्ती, टरफलं ताटात हायत आणि दाणं केरात टाकलासा."

पास!

हे त्या टोपीवाल्याला कुणी सांगायचं?

तुझं पहिलं पुस्तक निघालं त्यावर तुझं नाव नव्हतं. प्रकाशक म्हणाला, बाईच्या हातची पुरणपोळी लोक घेतात, भूत घेत नाहीत. नुसती नाव-आडनावाची पहिली दोन अक्षरं छापली. दुसऱ्यावरही तेच. लोकांची पत्रं यायची, "आदरणीय साहेब". एक माणूस तर पार वारणानगरहून साहेबांना बघायला आला. दार शशिकांतनं उघडलं. त्या माणसानं वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "साहेब, एवढं काळीज कुठनं आणता?" आपला शशिकांत! पाल दिसली तर खुर्चीवर चढतो! तू आत तोंडात पदर कोंबून हसत होतीस. मला मात्र हसू आलं नाही. पावणं चहा पिऊन गेल्यावर मी तुला म्हटलं,

"हडळ बाई असती. जखीण बाई असती. मग लिवणारीच तेवढी बाप्या कशाला?"

"प्रकाशक ऐकत न्हाय, आत्ती."

"मग त्याला म्हणावं, नाव घाल, न्हाईतर भूत परत दे."

तू तसंच लिहून पाठवलंस. मला वाटलं नव्हतं पाठवशील. तिसऱ्या पुस्तकावर नाव आलं, पुरं, मोठ्या लाल अक्षरात. मी ते पुस्तक भाजीच्या पिशवीत घेऊन मंडईत गेले आणि पिशवीतनं वर दिसेल असं धरलं. कोथिंबिरीवर ठेवलं होतं. हे तुला माहीत नसेल. आता माहीत झालं.

गल्लीला तुझं लिहिणं पचायला वेळ लागला. शेजारची ताराक्का विचारायची, "हौसाक्का, सुनेच्या अंगात काय हाय का? न्हाय, भुताचं एवढं खरं कसं लिवती?" एका अमावास्येला आपल्या उंबऱ्यावर कुणीतरी हळद-कुंकू लावलेलं लिंबू ठेवून गेलं. शशिकांत त्याला ओलांडेना, कामावर जाईना. मी लिंबू उचललं. चांगलं रसाचं होतं. धुतलं, चिरलं, लोणच्याच्या बरणीत टाकलं. पंधरवड्यानं ताराक्का जेवायला होती तेव्हा तिच्या पानात वाढलं.

"काय लोणचं झालंय हौसाक्का! लिंबं कुठली?"

"तुझंच हाय की."

ताराक्काचा घास घशात अडकला. तू पाणी आणायला आत पळालीस ती बाहेरच येईनास. आतनं तुझा हसण्याचा आवाज येत होता. पुढच्या पुस्तकात लिंबू आलं, लोणचं आलं, ताराक्का पण आली, फक्त नाव बदलून. तिनं ते पुस्तक चार जणींना वाचायला दिलं आणि प्रत्येकीला सांगितलं, "ही बाई कोण हाय वळख."

तुझ्या लिहिण्यातल्या एकाच गोष्टीचा मला राग आला होता. तुझ्या एका कादंबरीतली सासू सुनेला विहिरीत ढकलते, त्याचा. अख्खी पेठ माझ्याकडं बघायला लागली! वाण्याचा पोरगा भिऊन माप जास्त घालायला लागला. मी तुला धरलं.

"ही कोण गं सासू?"

"तुम्ही न्हवं, आत्ती."

"कशावरनं न्हवं?"

"तुम्ही कशाला विहिरीपातूर जाशीला? तुमचं काम तोंडानंच हुतंय."

खरंच होतं ते. पण पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहायचं होतंस की, "ही सासू आमची नव्हे" म्हणून! लिहिलं नाहीस. म्हणून आज शोकसभेत ऐकून घ्यावं लागतं. ढकलण्याचं ते प्रकरण तू वाचलंस तेव्हा माझा हात थांबला होता, हे खरं आहे, पण म्हणून माफ केलं असं समजू नकोस.

मग सिनेमा आला. तो दिग्दर्शक पहिल्यांदा घरी आला तेव्हा काळा चष्मा लावून जेवला. तांबड्या रश्श्यानं नाक वाहायला लागलं तसा काढला. मग त्यानं तुझी पटकथा पुढं घेतली.

"मॅडम, स्मशानातला सीन का काढलात? सगळ्यात भारी सीन होता."

"घरी पास झाला न्हाय."

"घरी? कुणाकडं?"

तू बोट केलंस. मी कोपऱ्यात शेंगा फोडत होते. त्यानं माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, पुन्हा तुझ्याकडं बघितलं. तू त्याला सगळी रीत सांगितलीस. पुढच्या खेपेला आला तो शेंगांचं पोतं घेऊन! मी म्हटलं, "पावणं, लाच हाय काय ही?" म्हणाला, "आज्जी, एक गाणं घालायचंय, तेवढं पास करा." गाणं टोपलीत गेलं. पोतं ठेवून घेतलं.

सिनेमा लागला त्या दिवशी आपण सगळी गेलो. अंधार झाला, गाणं वाजायला लागलं, पडद्यावर नावं यायला लागली. शशिकांत म्हणाला, "आई, आलं बघ!" मी वाचायला घेतलं. क, थ, कथा... प, ट, क... आणि गेलं! तुझं नाव यायच्या आत पुढचं आलं! मला असा राग आला. एवढ्या लवकर का पळवतात? सगळे काय बी.ए. झालेले असतात? पिक्चरमध्ये माणसं किंचाळत होती, माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. म्हशीला वैरण टाकली, तुम्हाला देवीला जाते म्हणून सांगितलं आणि थिएटरात जाऊन बसले. या वेळी आधीचं काही वाचलं नाही. जिथं तुझं नाव येतं तिथंच डोळे लावून बसले. आलं. शा, ल, न. पुरं वाचलं, अजून जागा होती तेवढ्यात पुन्हा एकदा वाचलं. मागं एकजण बोलला, "च्यायला, बाई असून काय लिवलंय!" मी वळले. "बाई हाय म्हनून लिवलंय. माझी सून हाय ती." तो घाबरला. पिक्चर सुरू व्हायच्या आधी घाबरलेला तो एकटाच असेल.

नाव वाचून झालं तशी मी उठून घरी आले. धारेची वेळ झाली होती.

नंतर तू लई पुढं गेलीस. सिनेमे झाले, मालिका झाल्या, मुंबईहून गाड्या आल्या. तरी कोर्टातलं टेबल सोडलं नाहीस. मी म्हणायचे, आता कशाला झाडाखाली धूळ खातीस? एका कॉलेजात तुझं भाषण होतं, मला पण नेलंस. एका पोरीनं विचारलं, मॅडम, भूत म्हणजे नक्की काय? सगळ्यांना वाटलं तू पुस्तकातलं काहीतरी सांगशील. तू म्हणालीस, "माझ्या टेबलासमोर बाई बसते, तिला सगळं सांगायचं असतं. वकील म्हणतो, एवढं नको, मुद्द्याचं लिहा. उरलेलं ती घेऊन उठते. ते उरलेलं म्हणजे भूत. मी ते घरी येऊन टाइप करते."

पोरं टाळ्या वाजवत होती. मी नाही वाजवल्या. माझ्या मांडीवर तुझी पर्स होती. पण ऐकलं.

म्हणून तुझ्या एकाही गोष्टीत भगत जिंकला नाही. मंतर मारला, राख फुंकली, भूत पळालं, असं तू कधी लिहिलं नाहीस. भगत यायचा, दक्षिणा घ्यायचा आणि स्वतःच झाडावर चढून बसायचा. भुताला घालवायचं तर त्याचं म्हणणं ऐकावं लागायचं. लोक तुला नावं ठेवायचे, हिचं भूत मरतच नाही म्हणून. तू म्हणायचीस, एकदा मेलंय ते, किती वेळा मारायचं?

तुझ्यावर माझा आणखी एक राग आहे, तो सांगूनच टाकते. पोटातलं दुखणं डॉक्टरनं तुला सांगितलं आणि तू घरी काय केलंस? आधी पटकथा संपवलीस, मग आम्हाला सांगितलंस! अगं, उलटं करायचं असतं ते! शशिकांत भिंतीला टेकून खाली बसला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी तुला बोल बोल बोलले. तू म्हणालीस, "आत्ती, झालं तुमचं बोलून? आता बसा, वाचतो."

खिडकीजवळच्या कॉटवर तू पडलेली. त्या दिवशी शेंगा नव्हत्या. तुझ्या पायात गोळे यायचे म्हणून मी पाय चेपत होते. सासूनं सुनेचे पाय चेपायचे! ताराक्का दारातनं बघून तशीच परत गेली.

तू अंबूची गोष्ट वाचलीस. नदीकाठचं गाव. अंबूला गावानं वाळीत टाकलेलं. महापूर येतो, नाव येते, सगळ्यांना घेऊन जाते. अंबूला म्हणतात, पुढच्या खेपेला. पुढची खेप होतच नाही. त्यानंतर गावात कधीही पंगत बसली की पानातला भात गाळ होतो. पांढरा वाफेचा भात, हात लावला की काळा चिखल. लग्न नाही, बारसं नाही, जत्रा नाही, गाव पंगतीवाचून राहतं. भगत येतात आणि जातात. शेवटी एक म्हातारी गावच्या पंगतीत एक पान जास्त मांडते आणि हाक मारते, "अंबू, ये गं, बस जेवायला." अख्खं गाव हात जोडून उभं. अंबू येते. बसते. सावकाश जेवते, भात मागून घेते, पाणी पिते. मग आपलं उष्टं पान आपण उचलते आणि नदीकडं निघून जाते. मागं वळून बघत नाही.

माझा हात तुझ्या पायावर थांबला.

तू डोळे मिटून म्हणालीस, "पास?"

मी म्हटलं, "भात मागून घेती ते बरं केलंस."

एवढंच म्हटलं. तुला पुरलं असावं. शिमगा झाला आणि तू गेलीस. रांग मोडलीस! माझा नंबर आधी होता.

आता तो सिनेमावाला. मागच्या आठवड्यात आला. हा नवा आहे, पोत्यावाला नाही. मऊ बोलतो, पाया पडतो. शशिकांत त्याच्यासमोर बसला, मी बाजूला.

"आज्जी, स्क्रिप्ट जबरदस्त आहे. फक्त शेवट. पब्लिकला शेवटी सुटका लागते हो. भूत जेवून जातं यात थरार काय?"

"मग काय करतासा?"

"भगत येतो. मोठं वादळ. तो अंबूला बाटलीत कोंडतो, वर बूच मारतो आणि बाटली पंचगंगेत बुडवतो. टाळ्या!"

"तुमच्यात पावणं जेवायला आलं की बाटलीत घालत्यात काय?"

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. "आणि आज्जी, दुसऱ्या भागात बाटली फुटते!"

"म्हंजे अंबू उपाशीच."

यावर तो हसला नाही. शशिकांतकडं वळला आणि कागद पुढं केला. तू शहाणी म्हणून करार स्वतः टाइप केला होतास. शेवट बदलायचा तर घरच्याची सही पाहिजे, असं त्यात घातलंस. त्या सहीवर सगळं अडलंय. सही नाही तर सिनेमाच नाही, असं तो म्हणतो. सोमवारी पुन्हा येतो म्हणाला.

तो गेल्यावर मी शशिकांतला विचारलं, "मग?"

"आई, सही न्हाय केली तर पिक्चरच हुणार न्हाय."

"न्हाय तर न्हाय."

"तसं नव्हं. निदान तिचं नाव तरी पडद्यावर येईल. शेवटचं. लोक बघतील." तो चष्मा पुसायला लागला. "एकदा बघायचं हाय मला."

त्याला मी वाईट म्हणत नाही, शालन. तुझ्या मागं तुझं जे काही मिळेल ते त्याला धरून ठेवायचंय. तुझा गाऊन अजून दोरीवर आहे, वाळून कधीचाच कडक झालाय, काढू देत नाही. नाव बघायला जाणाऱ्या माणसाला मी काय बोलणार? मी स्वतः दोनदा तिकीट काढून गेलेली.

पण मी त्याला एवढं विचारलं, "शशा, ते नाव येईल तवा खाली कोण बसलं असंल? तिच्या टेबलासमोर बसून गेलेल्या बायका असतील. त्या शेवट बघतील. बाईनं एवढं सोसलं, आली, आणि बाटलीत भरली. वर टाळ्या. आणि त्यावर शालनचं नाव. तिच्या नावावर तू हे ठेवणार काय?"

तो उठून बाहेर गेला. रंकाळ्यावर जाऊन बसला असेल. जेवायला आला, ताटात बघून म्हणाला, "आई, अंबू भात मागून घेती व्हय?"

"घेती."

"मी ऐकलंच न्हवतं ते. मी त्या दिवशी कामावर हुतो."

मग मी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत अंबूची गोष्ट सांगितली. मला वाचता येत नाही तुझ्यासारखं, पण सांगता येतं. तुझे शब्द होते तसे ठेवले. जिथं आठवले नाहीत तिथं माझे घातले नाहीत, थांबून आठवले. तो ऐकत होता आणि त्याचा भात गार झाला. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ताट मात्र आपलं आपण धुतलं.

आता माझं वचन ऐक. तुझ्यासाठी मी देवळात घंटा बांधणार नाही, तुझ्या फोटोला रोज हार घालणार नाही, वाळलेला हार मला बघवत नाही. पण तुझं अंबूचं जेवण मी मोडू देणार नाही. हा सिनेमा तुझ्या शेवटासकट झाला तर पहिल्या खेळाला मी आपल्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन जाईन. झालाच नाही, तर दर रविवारी दुपारी त्यांना दारात जमवीन आणि तुझी एकेक गोष्ट सांगेन, नावाड्यापासून अंबूपर्यंत. आणि कुणी बाटली घातलीच, तर मी थिएटरात जाईन, बूच लागलं की उभी राहीन आणि अंधारात सगळ्यांना खरा शेवट सांगेन. माझा आवाज तुला माहीत आहे. माइक लागत नाही.

आणि त्या टोपीवाल्याला हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे.

तुझी आत्ती,
हौसाबाई

ता. क. पूर्वा, हे छापायला पाठवायच्या आधी तुझ्या बापाला दे. त्यानं ते माझ्यासमोर मोठ्यानं वाचायचं. सोमवारी सिनेमावाला येईल तेव्हा दार मी उघडीन, चहा तू ठेव. मध्ये मी बोलणार नाही, तूही बोलायचं नाहीस. शशिकांत, उत्तर तू द्यायचंस. "आई नको म्हणते" असं सांगितलंस तर ते मी उत्तर धरणार नाही. "माझ्या बायकोनं असं लिहिलंय" म्हणायचं, आणि कागद त्याच्या हातात परत द्यायचा.